सुमाक्काचं बोलणं

सुमाक्काच्या तेराव्याला समोरच्या बिऱ्हाडातली बाई माझ्या शेजारी जेवायला बसली होती. तीन-चार वर्षांपूर्वी राहायला आलेली, चांगली बाई आहे. सहज म्हणावं तसं म्हणाली, "किती शांत होत्या हो त्या. कधी घरातून आवाज म्हणून ऐकला नाही." मला एकदम असा राग आला की ताट सरकवून उठावंसं वाटलं. उठले नाही. तिची काय चूक? तिनं जी पाहिली ती शांतच होती. पण मी जिच्याशेजारी राहिले ती सुमाक्का शांत होती असं म्हणणं म्हणजे सौंदत्तीच्या जत्रेत शुकशुकाट होता म्हणण्यासारखं आहे.

धारवाडच्या मळमड्डीत आमची घरं लागून आहेत, मध्ये छातीइतकी भिंत. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होते. लग्न केलं नाही. घरात मी आणि माझे वडील, तेही मितभाषी. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं आणि संध्याकाळी घराचं कुलूप काढेपर्यंत भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, आलात काय? चहा ठेवू नका, मी टाकलाय. ऐका तरी काय झालं ते." गल्लीतले सगळे तिला सुमाक्काच म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा. मीही म्हणायची. तिच्याहून मी सात-आठ वर्षांनी मोठी.

तिला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नसे. वांगी घेतली, एवढंच सांगायचं असलं तरी सुरुवात वांगीवाल्या अज्जाच्या सुनेपासून व्हायची. निम्म्यात आली की थांबायची आणि म्हणायची, "हां, त्याच्या आधीचं सांगायचं ऱ्हायलंच की." मग आधीचं, त्याच्याही आधीचं, आणि वांगी कुठेतरी कुंदगोळच्या शेतात राहून जायची. एकदा कुकरची रिंग आणायला म्हणून गेली ती दोन तासांनी आली. रिंग विसरली होती, पण दुकानदाराच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं, कुणी मोडलं आणि का मोडलं हे सगळं बरोबर घेऊन आली होती. मीटरवरून भांडायला दारापर्यंत आलेला रिक्षावाला तिच्या कट्ट्यावर बसून चहा पिताना मी पाहिलाय. मराठीत सुरू केलेलं वाक्य ती कन्नडात संपवायची आणि मध्ये सांधा दिसायचा नाही. तिचे यजमान श्रीपादराव सकाळी बसने जुन्या हुबळीला जायचे, तिथं त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मूळ निपाणीकडचं घराणं. ते दिवसभर भांड्यांचा खणखणाट ऐकून यायचे आणि रात्री बायकोचं ऐकायचे. "मला दोन्हीची सवय झालीय," म्हणायचे. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य तेच असावं.

माझे वडील गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. जो तो माझ्या पाठीवर हात ठेवून 'सुटले बिचारे' म्हणत होता. मला कुणाचं तोंड बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमाक्का भात आणि सारू घेऊन आली. सांत्वन वगैरे तिला जमायचं नाही. ती समोर बसली आणि माझे वडील पेपरवाल्याशी कसे भांडायचे ते सांगायला लागली. पेपर उशिरा आला की ते त्याला कालच्या बातम्या तोंडपाठ म्हणून दाखवायचे म्हणे, 'तू आणलास तो शिळा आहे' असं सिद्ध करायला. मला हे माहीतच नव्हतं. मी त्या वेळी लायब्ररीत असायची. ती पेपरवाल्याचा आवाज काढत होती, वडिलांचा काढत होती, आणि मी ऐकता ऐकता ताटातला भात संपवला. हे मी विसरलेली नाही.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे देवापाशी काहीतरी सोडतात. काशीला गेलं की आवडतं फळ, आवडती भाजी सोडायची, किंवा नवस बोलताना एखादी वस्तू टाकायची. ती मग जन्मात तोंडाला लावायची नाही. लोक हुशार असतात. सुमाक्काच्या सासूबाईंनी काशीत कारलं सोडलं होतं. कारलं त्यांना लहानपणापासून आवडत नव्हतं. देव काही चौकशीला येत नाही, तेव्हा चालून गेलं.

सुमाक्काला लग्नानंतर सहा-सात वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, मठ झाले. शेवटी तिनं आंबा सोडला. धारवाडात राहून आंबा सोडायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. मे महिन्यात कलकेरीकडचे हापूस टोपल्यांनी दारात येतात, गल्लीभर वास असतो. तिला आंबा इतका आवडायचा की कोयसुद्धा पांढरी होईपर्यंत सोडायची नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं वेडे, पडवळ सोडायचंस." ही म्हणाली, "जे दिलं तर जीव कळवळंल तेच द्यायचं. नको असलेलं देऊन देवाला फसवायचं काय?" वर्षभरात तेजस झाला. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात ती सगळ्यांसाठी आंबे चिरायची आणि मग साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. एक फोड तोंडात गेली नाही. मी कितीदा चेष्टा केली, "आता झालं ना पोरगं, देव काय परत नेतोय?" त्यावर ती हसायची नाही. एवढ्या एकाच बाबतीत तिला चेष्टा चालत नसे.

तेजस म्हणजे तिचा पुट्टा, कन्नडातला छोटू. हुबेहूब आई. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आत तोंड सुरू. गटारात पडलेलं म्हशीचं रेडकू सगळ्या गल्लीनं मिळून कसं काढलं, ते त्यानं मला एकदा भिंतीवर चढून सांगितलं होतं. रेडकाचं ओरडणं, ओढणाऱ्यांचं कन्नडातून एकमेकांना शिव्या देणं, वर उभं राहून सल्ले देणाऱ्या निवृत्त मामलेदारांचं इंग्रजी. मी लायब्ररीत पुष्कळ पुस्तकं हाताळली, पण इतकं जिवंत वर्णन फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

हा मुलगा तिसरीत गेला आणि निबंध सुरू झाले. शाळा इंग्रजी. दहा ओळी लिहायच्या: माझी गाय, माझा मित्र, सहल. बाकी सगळं त्याला यायचं. पाढे, स्पेलिंगं, विज्ञानाची प्रश्नोत्तरं. पण 'तुझ्या मनानं लिही' म्हटलं की तो एक ओळ लिहायचा आणि पेन्सिल थांबायची. सुमाक्कानं आधी दुर्लक्ष केलं, मग रागावली, मग इतर आया करतात तसं गाइडातून निबंध पाठ करून घेतले. परीक्षेत विषय बदलला की परत एकच ओळ. एकदा मी त्याला विचारलं, "रेडकाचं मला एवढं सांगितलंस, तेच लिहायचं की." तो म्हणाला, "सांगतोय तवा येतंय बाई. लिहायला बसलं की ते जातंय." आठ वर्षांच्या पोरानं याहून नीट काय सांगायचं?

सुमाक्काला झोप लागेना. ती स्वतः दहावीपर्यंत शिकलेली, मराठी शाळेत. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं, पुट्टाला लिहिता आलं नाही तर तो दुकानात जाणार, आणि दुकान तर आजच चालत नाही. "ह्यांच्यासारखं पातेली ठोकून दाखवत बसंल बाई जन्मभर," ती म्हणायची. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा तिनं मला बरोबर नेलं. इंग्रजीची गरज पडली तर असावी म्हणून.

शिक्षिका तरुण होती, कन्नडातच बोलली. तिनं तेजसचा पेपर समोर ठेवला. 'बाजारातला एक दिवस' असा विषय होता. 'मी आईबरोबर बाजारात गेलो,' एवढी एक ओळ, आणि खाली खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला. बाजारातला एक दिवस, सुमाक्काबरोबर! त्या पोराकडे पुस्तकभर मजकूर होता.

"घरात कुठली भाषा बोलता?" शिक्षिकेनं विचारलं.

"मराठी," सुमाक्का म्हणाली.

"बाहेर?"

"कन्नड. दोन्ही बोलतो की तो, चांगलं बोलतो."

"तेच होतंय. डोक्यात तीन-तीन भाषा, गोंधळ होतो मुलांचा. घरात त्याच्याशी फक्त इंग्रजी बोला. निदान आईनं तरी. त्याचं सगळं बोलणं तुमच्यावर गेलंय. काही दिवस करून बघा."

मला तिचं म्हणणं पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. घरात तीन भाषा असलेली माणसं या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यातली पुष्कळ लिहितात. शिक्षिका हसली आणि घड्याळाकडे पाहिलं. बाहेर आणखी आया उभ्या होत्या. ती वाईट नव्हती. दिवसातून दहा जणींना दहा सल्ले द्यावे लागत असतील, त्यातला हा एक. पण 'काही दिवस' असं ती म्हणाली होती, ते मी या कानांनी ऐकलं.

येताना रिक्षात सुमाक्का गप्प होती. तिला गप्प बसलेलं मी प्रथमच पाहत होते. देवळापाशी तिनं रिक्षा थांबवली आणि मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं."

संध्याकाळी भिंतीपाशी आली. "बाई, सोडून आले."

"काय सोडलंस?"

"पुट्टाशी मराठी बोलायचं. कन्नडबी. त्याला लिहायला येऊ दे म्हटलं, मी त्याच्याशी इंग्लिशशिवाय अक्षर बोलणार नाही."

माझा विश्वास बसेना. म्हटलं, "अगं, ती काही दिवस म्हणाली होती."

"देवाला काही दिवसासाठी म्हणून कोण देतंय? उसनं हाय काय?"

तिला येत असलेलं इंग्रजी किती? दहावीच्या शाळेतलं आणि टीव्हीवरचं. ईट. कम. स्लीप. ब्रश युवर टीथ. व्हॉट हॅपन्ड इन स्कूल? गुड. व्हेरी गुड. स्वयंपाकघराबाहेर तिचं इंग्रजी जात नव्हतं. तेवढ्या शब्दांत पोराला जेवू घालता येतं, आंघोळ घालता येते, शाळेत पाठवता येतं. रागावता येत नाही. चिडवता येत नाही. वांगीवाल्या अज्जाच्या सुनेचं तर सांगताच येत नाही. पोराच्या कानावर पडू नये म्हणून ती श्रीपादरावांशीसुद्धा हळू आवाजात बोलायला लागली, आणि मग कमी बोलायला लागली. माझ्याशी बोलायची, पण तेजस शाळेत असताना, कुजबुजत. तो भिंतीपाशी आला की वाक्य अर्ध्यात तुटायचं.

पहिले काही दिवस तेजसला तो खेळ वाटला. तो चुका काढायचा, हसायचा. मग त्याच्या लक्षात आलं की हे संपत नाही. एका संध्याकाळी मी अंगणात कपडे काढत होते. पलीकडे तो रडत होता. "आई, मराठीत बोल की. एकच बोल." ती म्हणाली, "डोन्ट क्राय. गुड बॉय." तो आणखी जोरात रडायला लागला. मग पाठीमागच्या नळाचा आवाज आला, जोरात सोडलेला, आणि बराच वेळ बंद झाला नाही. मी भिंतीपाशी जाऊन पाहिलं तर ती नळाखाली बादली न ठेवताच उभी होती. पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं.

त्या पावसाळ्यात त्याला मोठा ताप आला. मी बघायला गेले. तो ग्लानीत 'गोष्ट सांग, गोष्ट सांग' म्हणत होता. सुमाक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. श्रीपादरावांनी सुरुवात केली, एक राजा होता, आणि पुढं त्यांना सुचेना. त्यांनी काही सोडलेलं नव्हतं, पण त्यांच्याकडे मुळात होतं काय? मी तिला म्हटलं, "सुमाक्का, आजच्या दिवस. आजाऱ्याला सगळं माफ असतं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोराच्या जिवावर उठले आहे. मग त्याच्या कपाळावर हात फिरवत म्हणाली, "स्लीप. गॉड इज देअर." पुन्हा पुन्हा तेवढंच. शेवटी गोष्ट मी सांगितली. त्याला ती आवडली नाही. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

आणि नशिबाची खोडी बघा, पोराला लिहायला यायला लागलं. कशानं आलं देवाला माहीत. मुलं मोठी होतात, वाचतात, येतं. मी त्याला लायब्ररीतून पुस्तकं आणून देत होते, तो ती गुपचूप वाचत होता. वाचणार नाही तर काय करणार, घरात बोलायला कुणी नव्हतं. पाचवीत असताना त्याचा निबंध शाळेच्या वार्षिकात छापून आला. सुमाक्का तो अंक पदराखाली धरून माझ्याकडे आली. तेजस शाळेत होता.

"वाचून दाखवा बाई. मला अर्धाच लागतोय. मराठीत सांगा."

विषय होता 'माझी आई'. मी आधी मनातल्या मनात वाचला. मग म्हटलं, लपवून काय करायचं? जसा होता तसा सांगितला. 'माझी आई शांत स्वभावाची आहे. ती फार बोलत नाही. ती थोडे शब्द बोलते आणि पुष्कळ काम करते. आमच्या घरात आवाज नसतो. मी अभ्यास करतो तेव्हा ती दारात बसते. ती कशाचा विचार करते ते मला माहीत नाही.' असाच पुढं, साधा आणि सरळ, एक शब्द जास्त नाही. खरं सांगायचं तर फार चांगला निबंध होता.

मला वाटलं, आता ही रडेल. ती अंकावर बोट ठेवून ओळी मोजत होती. "दहाच्या वर हैत नव्हं?" तिनं विचारलं. "बघा, लिहिलंय की माझ्या पोरानं. मनानं लिहिलंय." तिचा चेहरा असा उजळला होता की मला पुढं बोलवेना.

त्यानंतर मी तिच्याशी वाद घातला नाही असं नाही. पुष्कळ घातला. देवळातल्या आचार्यांना भेटून आले. ते समजूतदार होते, म्हणाले, असा नवस सोडवून घेता येतो, पूजा करू, काही बिघडत नाही. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "सोडलं म्हणून तर आलं त्याला. आता परत घेतलं आणि त्याचं लिहिणं गेलं म्हणजे? दहावी हाय पुढं." दहावी झाली. मग बारावी होती पुढं. मग हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजात इंजिनिअरिंग. काहीतरी पुढं होतंच. हळूहळू तिची जीभच बसली. दुपारी घरात कुणी नसायचं तेव्हाही ती माझ्याकडे येऊन नुसती बसायची. शेंगा सोलत, डोकं हलवत. मी तिला काहीतरी विचारून बोलती करायचा प्रयत्न करायची, वांगीवाल्याचं, रिक्षावाल्याचं. "काय की," म्हणायची. एवढ्या भरभरून बोलणाऱ्या बाईच्या तोंडून 'काय की' ऐकताना मला तिच्या देवाचा फार राग यायचा. अजून येतो.

तेजस बेंगळुरूला नोकरीला लागला. कसली म्हणाल तर लिहिण्याचीच. यंत्रं कशी वापरावीत याची माहिती तो एका कंपनीसाठी लिहितो, चांगला पगार आहे. रविवारी फोन यायचा. श्रीपादराव फोन तिच्या कानाला लावायचे. "हॅलो. फूड ओके? हेल्थ ओके? ओके. बाय." फोन ठेवून ती पुन्हा तांदूळ निवडायला बसायची.

मागच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. सांगितलं उशिरा, अर्थातच. हुबळीतल्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत पसरलं होतं. डॉक्टरांनी श्रीपादरावांना बाजूला घेऊन सांगितलं आणि ते भिंतीला धरून खाली बसले. मग मीच आठवड्यातून तीन-चारदा बसने हुबळीला जायला लागले.

आणि तिथं, त्या दवाखान्यात, तिचं बोलणं परत आलं. दुखण्यानं म्हणा, औषधानं म्हणा, किंवा घरापासून लांब होती म्हणून म्हणा. नर्सेसना कन्नडातून, मला मराठीतून. पलीकडच्या खाटेवरच्या नवलगुंदच्या बाईचा सगळा इतिहास तिनं दोन दिवसांत काढला. पेजेला नावं ठेवायची, डॉक्टरच्या चालण्याची नक्कल करायची. कळ आली की नर्सचा हात धरून म्हणायची, "तडकोळ्ळाक आगवल्दव्वा." सोसत नाही गं बाई. आणि कळ ओसरली की सोडलेलं वाक्य पुढं चालू. मला वाटलं, एवढं तरी मिळालं.

मग तेजस रजा घेऊन आला. मी तिथंच होते. तो खाटेसमोर आला आणि ती उशीवर सावरून बसली, पदर नीट केला. "कम. सिट. हॅड फूड?"

"दुखतंय काय आई?" त्यानं मराठीतच विचारलं. तो तिच्याशी मराठी बोलायचा. मध्ये बरीच वर्षं नाही बोलला, पण आता बोलत होता.

"नो पेन. आय ॲम फाइन," ती म्हणाली. पाचच मिनिटांपूर्वी ती नर्सचा हात पिळत होती.

मी न राहवून म्हटलं, "सुमाक्का, आता तरी बोल गं पोराशी." तिनं मान हलवली. डोळे मिटून घेतले.

तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला. मीही गेले. तेवीस-चोवीस वर्षांचा उंच मुलगा, कठड्याला टेकून खाली स्टँडवरच्या रिक्षा बघत होता. मी त्याला म्हटलं, "रागावू नको रे. तुझ्यासाठीच सोडलंय तिनं."

"माहीत हाय मला," तो म्हणाला. "निपाणीहून आजी आलती, तिनं तेव्हाच सांगितलं होतं. मला लिहिता येत नाही म्हणून आई बोलत नाही, असं." खाली बघतच पुढं म्हणाला, "मला वाटायचं, मला लिहायला आलं की ती परत बोलंल. म्हणून शिकलो बाई मी. नाहीतर मला काय लिहायचं होतं? तो निबंध छापून आला त्या दिवशी पळत घरी आलतो. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, व्हेरी गुड."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला लोकांच्या ज्या सवयीचा राग येतो तेच मी केलं. मग नर्सनं त्याला चिठ्ठी दिली आणि तो इंजेक्शन आणायला खाली गेला.

मी आत आले. खाट खिडकीकडे तोंड करून होती, दार तिच्या पाठीमागे. तिनं डोळे उघडले. "गेला काय?"

"इंजेक्शन आणायला गेलाय."

"वाळलाय बाई. हॉटेलात खातोय नव्हं." आणि मग तिला एकदम काय झालं कोण जाणे, ती बोलायला लागली. त्याचं जावळ काढायला कुलदेवाला गेले होते तेव्हाचं. मामाच्या मांडीवर बसवला, आणि न्हाव्यानं वस्तरा काढला तसा पुट्टानं न्हाव्याचीच टोपी ओढून घेतली आणि टोपीखाली त्याचं चकचकीत टक्कल. "तो म्हातारा म्हणतोय, माझं काढून झालंय बाळा, आता तुझं. आणि हा बसलाय टोपी घालून, काढू देईना. मामा घामाघूम. मी हसालोय आणि सासूबाई मला चिमटे काढालीत, देवापुढं हसती म्हणून." ती न्हाव्याच्या आवाजात बोलली, मामाच्या बोलली, सासूबाईंच्या बोलली. पोट धरून हसली, कळ आली, थांबली, दात आवळले, पुन्हा सुरू झाली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दाराला अर्धा पडदा होता आणि पडद्याखाली तेजसचे बूट दिसत होते. औषधाची पिशवी त्याच्या हातात लोंबत होती. तो आत येत नव्हता. आत आला तर ती थांबणार होती. मागून नर्स इंजेक्शनसाठी आली तर त्यानं हात आडवा करून तिला तिथंच थांबवलं.

सुमाक्काला चाहूल लागली असावी. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला, वळेना.

"दारात कोण हाय बाई?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "तू सांग."